कुत्रा अंगावर का येतो? – फिरवणं, व्यायाम आणि आपली मुलं

आज अभ्यासक्रमात नसलेला विषय घेते आहे. पण शाळेत येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या वाटेवर तो कुठे ना कुठे बांधलेला असतो, म्हणून पालकांनी आणि शिक्षकांनी दोघांनीही वाचावा.

सुरुवात आमच्याच घरापासून करते. आमचा वाघ्या. आई गावठी, बाप शेजारच्या मळ्यातला जर्मन शेफर्ड. पिल्लू असताना सगळ्यांच्या मांडीवर, वर्षाचा झाल्यावर पडवीच्या खांबाला. 'राखणीला कुत्रा पाहिजे' म्हणून आणलेला, त्यामुळे सकाळपासून रात्रीपर्यंत साखळीला, रात्री अंगणात मोकळा. खाणं-पिणं उत्तम. इंजेक्शनं वेळेवर. आम्हाला वाटायचं, आपण कुत्रा फार चांगला सांभाळतो. तो सायकलवाल्यांवर भुंकायचा, पोस्टमनवर भुंकायचा, आणि आम्ही कौतुकाने सांगायचो, 'कुणाला फाटकात पाय ठेवू देत नाही.'

गेल्या वर्षी जुलैच्या सुरुवातीला माझ्या वर्गातला सातवीचा एक मुलगा राहिलेली वही द्यायला घरी आला. फाटक उघडंच होतं. साखळी जिथे खांबाला अडकवली होती ती कडी झिजलेली होती, हे आम्हाला नंतर कळलं. वाघ्याने मुलाच्या पोटरीला धरलं. दोन दात खोल गेले.

नळाखाली साबण लावून जखम पंधरा मिनिटं धुतली आणि तसंच सरकारी दवाखान्यात नेलं. संध्याकाळी त्याची आई घरी आली. भांडली नाही. एवढंच म्हणाली, "बाई, पोरगं तुमच्याकडंच आलं होतं ओ." ते वाक्य अजून माझ्या कानात आहे. चूक माझी होती. शाळेत सुरक्षिततेवर तास घेणाऱ्या बाईच्या दारात पोरगं चावून घेऊन गेलं.

त्या आठवड्यात दोन सल्ले मिळाले. निम्मे लोक म्हणाले, सोडून द्या कुठेतरी लांब. बाकीचे म्हणाले, चार फटके द्या, मालक कोण ते कळू दे. आणि दोन्हीकडचे लोक शेवटी कुत्र्याच्या वाकड्या शेपटाची म्हण सांगून उठायचे. आम्ही आधी जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो, आणि ते बरं झालं. वाघ्याचा डावा कान आतून सुजलेला होता. ते दुखणं किती दिवसांचं होतं देव जाणे. डॉक्टर म्हणाले, अचानक चिडखोर झालेल्या कुत्र्याचं पहिल्यांदा दुखणं शोधायचं. कान, दात, कंबर, सांधे, थायरॉइड. दुखणाऱ्या कुत्र्याला कितीही फिरवा, उपयोग नाही. दुसरा प्रश्न त्यांनी विचारला, "याला फिरवता किती?" आम्ही एकमेकांकडे बघितलं. चार वर्षांत वाघ्या फाटकाबाहेर गेला होता तो फक्त दवाखान्यात.

आता थोडा अभ्यास.

माणसाने कुत्रे पाळले ते कामासाठी. धनगराच्या मेंढरांमागे दिवसभर चालणारा कुत्रा आपण सगळ्यांनी पाहिला आहे. आमच्या सीमाभागातला कारवान, ज्याला कर्नाटकात मुधोळ हाउंड म्हणतात, तो सशामागे धावण्यासाठी घडलेला. जर्मन शेफर्ड ही जात १८९९ मध्ये माक्स फॉन श्टेफानिट्स या लष्करी अधिकाऱ्याने मेंढपाळांच्या कुत्र्यांमधून ठरवून वाढवायला घेतली. रॉटवायलर जर्मनीतल्या रॉटवाइल गावच्या खाटकांची गुरं हाकायचा, गाडा ओढायचा. लॅब्राडॉरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या थंड पाण्यात कोळ्यांबरोबर काम करायचे. अशा अंगाचा आणि डोक्याचा प्राणी आपण दोन मीटर साखळीला बांधतो आणि मग तो 'उगाच' भुंकतो म्हणतो. बिनकामाच्या तासाला सातवीचा वर्ग काय करतो ते आठवा.

साखळीचा आणखी एक परिणाम आहे. कुत्रा घाबरला की त्याच्याकडे दोन मार्ग असतात, लांब जाणं किंवा समोरच्याला लांब पाठवणं. साखळीने पहिला मार्ग बंद होतो. उरतो दुसरा. आणि तो मार्ग रोज यशस्वी होतो! सायकलवाला येतो, वाघ्या भुंकतो, सायकलवाला निघून जातो. सायकलवाला आपल्या कामाला निघालेला असतो, पण वाघ्याच्या हिशेबी त्याने हाकलला. दिवसातून वीस वेळा हा धडा गिरवला तर चार वर्षांत किती सराव झाला, ते पाढे येणाऱ्या मुलालाही सांगता येईल.

अमेरिकेत डेन्व्हर शहरात चावलेल्या आणि न चावलेल्या कुत्र्यांची तुलना करणारा एक अभ्यास झाला होता, १९९४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. अंगणात साखळीला बांधलेले कुत्रे चावणाऱ्यांमध्ये असण्याची शक्यता २.८ पट निघाली. आता चौकस मुलगा लगेच विचारेल, की चावरा होता म्हणून बांधला असेल, तर? शंका रास्त आहे. अशा आकड्यांवरून कारण आणि परिणाम सरळ वेगळे काढता येत नाहीत. पण बांधून ठेवल्याने कुत्रा शांत होतो, असं तर कुणीच दाखवलेलं नाही.

आणि हे वाचून मला खरोखर धक्का बसला होता : प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध अधिनियम, १९६०. त्याच्या कलम ११ मध्ये क्रूरतेची जी यादी आहे, तिच्यात मारणं, उपाशी ठेवणं याबरोबर हेही आहे, की नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला मालकाने पुरेसा व्यायाम न देणं. म्हणजे साठ वर्षांहून जास्त काळ आपल्या देशात कुत्र्याला फिरवणं हे कायद्याने मालकाचं कर्तव्य आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये, त्यामुळे कुणाला पत्ता नाही हेही खरं. आम्हालाही नव्हता.

तर आम्ही फिरवायला सुरुवात केली. आणि पहिले तीन आठवडे सगळं चुकीचं केलं.

ह्यांनी ठरवलं, दमवलं की शांत होईल. संध्याकाळी सहाला, म्हणजे शाळा-क्लासेस सुटायच्या वेळेला, वाघ्याला आखूड साखळीने घट्ट धरून मुख्य रस्त्याने नेलं. प्रत्येक सायकलवर त्याची झेप, प्रत्येक झेपेला साखळीचा हिसका. घरी आल्यावर मळ्यात चेंडू फेकून वीस-पंचवीस धावा. कुत्रा जीभ बाहेर काढून पडायचा, पण झोपायचा नाही. डोळे टक्क उघडे, पान हललं तरी उठून भुंकायचा. तिसऱ्या आठवड्यात तर साखळी हातात घेतली की तो आधीच गुरगुरायला लागला.

असं का झालं? भीतीने किंवा रागाने शरीरात अॅड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल वाढतात. ते झटक्यात खाली येत नाहीत. एका सायकलवरचा राग उतरायच्या आत दुसरी सायकल, मग ट्रॅक्टर, मग दुसरा कुत्रा. थर साचत जातात आणि शेवटच्या, अगदी क्षुल्लक गोष्टीवर भडका उडतो. आपल्याकडे परीक्षेच्या दिवशी सकाळपासून चिडलेलं मूल पेन सापडलं नाही म्हणून रडतं, तसंच. शिवाय हिसक्यामुळे वाघ्या आणखी एक गोष्ट शिकत होता : सायकल दिसली की मान दुखते. म्हणजे सायकल वाईटच, त्याचा अंदाज बरोबरच!

आणि नुसतं पळवण्यातला दुसरा तोटा कुणी सांगत नाही. रोज पळणारा कुत्रा महिनाभरात तब्येतीने पैलवान होतो. आज दोन किलोमीटरला दमणारा पुढच्या महिन्यात पाचला दमत नाही. राग तसाच, दम मात्र वाढलेला. गाडीला बांधून कुत्रा पळवणारे लोक मी पाहिले आहेत. कुत्र्याला घाम फक्त पंजांना येतो, बाकी सगळी उष्णता धापा टाकून बाहेर काढावी लागते. आपल्या उन्हात तो कोसळू शकतो, आणि बांधलेला असल्यामुळे थांबूही शकत नाही. कृपा करून असं करू नका.

मग व्यायामाचा उपयोग काय? उपयोग मोठा आहे, पण तो वेगळ्या प्रकारे होतो. नियमित चालण्याने कुत्रा गाढ झोपतो, पोट साफ राहतं, साचलेली चुळबुळ कमी होते. रोजच्या ठरलेल्या वेळेची त्याला खात्री वाटू लागते. आणि मुख्य म्हणजे चालताना त्याला वास घेता येतात. आपण पेपर वाचतो तसा कुत्रा रस्त्याची कड वाचतो : कोण येऊन गेलं, कधी गेलं, नर का मादी, ओळखीचं का परकं. वास घेताना डोकं, पाय सगळंच संथ होतं. मोकळ्या दोरीने अर्धा तास हुंगत चालून आलेला कुत्रा चेंडूमागे तासभर धावलेल्यापेक्षा शांत झोपतो, हे मी रोज बघते आहे. आपण मात्र 'चल, चल, काय हुंगतोस' म्हणून ओढत नेतो. पेपर वाचणाऱ्याच्या हातातून पान ओढून घेण्यासारखंच आहे ते.

एक ऑगस्टपासून आम्ही सगळं बदललं. वेळ पहाटे पाच. वाट कालव्याच्या कडेची, जिथे फार तर दूधवाला भेटतो. गळ्यातली साखळी काढून छातीचा हार्नेस, आणि तीन मीटरची सुती दोरी, तीही सैल. तोंडाला मुसकं. मुसक्याबद्दल लोकांचा गैरसमज असतो. कापडाचं, तोंड घट्ट आवळणारं मुसकं चालण्यासाठी घालू नये, कारण धाप टाकता येत नाही. पिंजऱ्यासारखं, आत तोंड उघडता येईल, पाणी पिता येईल असं पाहिजे. ते आधी घरात, आत खाऊ ठेवून, आठवडाभर ओळखीचं करून घेतलं. आता मुसकं काढलं की वाघ्या स्वतः नाक आत घालतो. बैलाच्या मुसक्याची सवय असलेले आमचे सासरे पहिल्यांदा हसले, नंतर त्यांनीच पट्ट्याला मऊ कापड शिवून दिलं.

यानंतरचा भाग विज्ञानाच्या शिक्षकांना आवडेल. पावलोव यांचं नाव आपण सगळे घेतो. १९०४ चं नोबेल त्यांना पचनसंस्थेच्या कामासाठी मिळालं, पण जग त्यांना ओळखतं ते एखाद्या खुणेमागोमाग अन्न येऊ लागलं की नुसत्या खुणेनेच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं, यासाठी. आम्ही तेच केलं. खूण : सायकल. अन्न : उकडलेल्या कोंबडीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा. क्रम फार महत्त्वाचा आहे. आधी सायकल दिसली पाहिजे, मग तुकडा. सायकल गेली की तुकडे बंद. उलटं केलं, म्हणजे आधी तुकडा दाखवून मग सायकल, तर हुशार कुत्रा तुकड्यालाच घाबरायला लागतो.

पण हे चालतं फक्त पुरेशा अंतरावर. प्रत्येक कुत्र्याची एक रेषा असते. रेषेच्या पलीकडे सायकल असेल तर तो तिच्याकडे बघतो, कान उभे करतो, पण खाऊ घेतो, हाकेला वळतो. रेषेच्या आत आली की खाऊ दिसत नाही, नाव ऐकू येत नाही, शिकणं संपतं. भेदरलेल्या मुलाला फळ्यावरचं गणित समजावण्यात अर्थ नसतो, तसंच. सुरुवातीला वाघ्याची रेषा साठ पावलांवर होती. माझा भाचा सायकल घेऊन कालव्याच्या पलीकडच्या बाजूने जायचा, आणि मी वहीत लिहायची : तारीख, अंतर, भुंकला का, तुकडा घेतला का. अंतर कमी करायचं ते तीन-चार दिवस सलग शांत गेल्यावर, तेही पाच पावलांनी. सायकल अचानक जवळ आली तर ओरडायचं नाही, ओढायचं नाही, हसतमुखाने वळायचं आणि उलट्या दिशेने चालू लागायचं. हे वळणं आम्ही घरच्या अंगणातच शंभरदा घटवलं होतं.

वही सरळ रेषेत गेली नाही. गणपतीपर्यंत चाळीस पावलं. मग ढोल, फटाके, मिरवणुका, आणि एका आठवड्यात सत्तर! मी फार निराश झाले. दिवाळीत सरळ ठरवलं, दहा दिवस सराव बंद, फक्त पहाटेची हुंगण्याची फेरी आणि बाकी वेळ आतली खोली. नोव्हेंबरात पुन्हा साठपासून सुरुवात केली. जानेवारीत पंधरा. एकदा गोठ्यातल्या गोचिडीमुळे अंग खाजत होतं, त्या दोन आठवड्यांत पंधराचे तीस झाले. त्यामुळे मला कळलं की आकडा वाढला की आधी कुत्र्याच्या अंगाला हात लावून बघायचं.

'मालक कोण ते दाखवा' या सल्ल्याबद्दल लिहायलाच हवं, कारण तो दूरदर्शनवरच्या कार्यक्रमांपासून गल्लीतल्या जाणकारांपर्यंत सगळे देतात. त्याचं मूळ १९४७ च्या एका अभ्यासात आहे. रूडोल्फ शेंकेल यांनी पिंजऱ्यात एकत्र ठेवलेल्या लांडग्यांची भांडणं पाहिली. पुढे डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या लांडग्यांवरच्या पुस्तकामुळे कळपाचा दादा ही कल्पना सगळीकडे पसरली. पण याच मेक यांनी नंतर मोकळ्या रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिले. तिथे कळप म्हणजे आई, बाप आणि त्यांची पोरं. दादागिरीने जिंकलेली गादी नव्हे, घर! १९९९ मध्ये त्यांनी ते लिहून प्रसिद्ध केलं आणि स्वतःचंच जुनं पुस्तक छापणं थांबवा म्हणून प्रकाशकांच्या मागे लागले. आपली चूक अशी जाहीर दुरुस्त करणारा माणूस मला वर्गात मुलांना आवर्जून सांगावासा वाटतो. तर, कुत्र्याला उताणा पाडणं, मानगूट धरणं, गुरगुरला की मारणं, हे सगळं सोडा. गुरगुरणं ही सूचना आहे. सूचना मारून बंद केली तर कुत्रा पुढच्या वेळी सूचना न देता चावतो.

नुसत्या फिरवण्याने भागत नाही अशाही वेळा असतात. कुत्रा घरच्याच माणसांना चावतो, खाण्याजवळ गेलं की तुटून पडतो, चावताना सोडत नाही, किंवा घरात रांगतं बाळ आहे. अशा वेळी ब्लॉग वाचून प्रयोग करू नका, पशुवैद्यांना विचारा, आणि तोपर्यंत कुत्रा आणि मूल यांच्यामध्ये दार बंद ठेवा. आक्रमक कुत्र्याची दोरी मुलांच्या हातात कधीच देऊ नये. 'त्याचं माझ्या मुलाशी जमतं' म्हणणाऱ्या पालकांना मी आता हात जोडते. उन्हाळ्यात डांबरावर हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद ठेवून बघा. आपल्याला सोसवत नसेल तर पंजांनाही सोसवत नाही. पोटभर जेवल्यावर लगेच पळवू नका.

आता वर्गात काय घेता येईल ते सांगते. मी सातवीला दोन तास दिले. पहिल्या तासाला फळ्यावर कुत्र्याची चित्रं काढली आणि 'हा काय म्हणतोय?' असं विचारलं. जांभई, ओठ चाटणं, मान फिरवणं, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं म्हणजे 'मला नको आहे'. अंग ताठ, शेपूट वर आणि कडक, एकदम स्तब्ध म्हणजे 'आता पुढे येऊ नकोस'. बहुतेक मुलांनी हलणारं शेपूट म्हणजे खूश असं लिहिलं. ते नेहमी खरं नसतं, ताठ शेपूट जलद हलवणारा कुत्राही चावतो. भुंकणारा चावत नाही ही म्हणही आम्ही त्या दिवशी फळ्यावर लिहून खोडली.

दुसऱ्या तासाला मैदानावर सराव घेतला. कुत्रा अंगावर आला तर पळायचं नाही, ओरडायचं नाही. झाड व्हायचं : पाय जुळवून, हात अंगाशी, नजर जमिनीकडे. पाडलं तर गोळा होऊन कान-मान हातांनी झाकायची. सायकलवर असाल तर उतरून सायकल मध्ये धरायची. जेवणाऱ्या, झोपलेल्या, पिल्लांजवळच्या आणि बांधलेल्या कुत्र्याजवळ जायचं नाही. आणि चावलाच, नुसता ओरखडा जरी आला, तरी घरी सांगायचं. माराच्या भीतीने मुलं लपवतात, आणि रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर उपचाराला जवळजवळ काहीच उरत नाही. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं आणि दवाखाना गाठायचा. पहिलं इंजेक्शन त्याच दिवशी, पुढची तिसऱ्या, सातव्या अशा ठरलेल्या दिवशी, डॉक्टर सांगतील ती सगळी. खोल जखमेत वेगळं सिरमही देतात. कुत्रा ओळखीचा असेल तर त्याच्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचं, पण त्यासाठी उपचार थांबवायचे नाहीत.

या सरावाला तो मुलगाही होता. मी त्याला आधीच विचारलं होतं, नको असेल तर ग्रंथालयात बस. तो म्हणाला, "नको बाई, मी झाड होतो." आणि झाला.

वाघ्याची रेषा आता आठ ते दहा पावलांवर आहे. वही भरली म्हणून दुसरी घेतली. पडवीतली साखळी काढून टाकली, मागच्या अंगणाला जाळी घातली, फाटकाला आतून कडी आणि बाहेर घंटा लावली. मुसकं बाहेर जाताना अजून असतंच, आणि पुढेही राहील. त्या मुलाची आई वाटेत भेटली की बोलते, पण तो स्वतः आमच्या घरासमोरून जाताना रस्त्याच्या पलीकडच्या कडेने जातो. वह्या मी शाळेतच घेते.